शेजार चुकलेलं कापड

जयपूरच्या बापू बाजारातून किंवा जोहरी बाजारातून हौसेनं आणलेलं ठशाचं कापड पुण्या-नाशकात पलंगावर उलगडलं की पुष्कळदा मन खट्टू होतं. दुकानात ज्या गुलाबीवर जीव जडला होता तो इथे भडक वाटतो. ज्या राखाडीत काहीतरी खानदानी दिसलं होतं ती आता नुसती मळकट दिसते. पॅचवर्कची रजई शिवायची म्हणून घेतलेले हे तुकडे मग कपाटाच्या तळाशी जातात आणि पुढे उशीचे अभ्रे किंवा पुसणी होऊन संपतात.

दोष बहुधा कापडाचा नसतो. दुकानात ते एकटं नव्हतंच. त्याच्या खाली निळीचं थान होतं, वर हळदी बुट्टीचं, बाजूला लाल लहरिया, आणि दाराबाहेर राजस्थानचं कोरडं, करकरीत ऊन. त्या उन्हात गडद रंगही उजळतात आणि भडक रंग खपून जातात. आपण एक रंग विकत घेतला आणि त्याचे सगळे शेजारी जयपुरातच सोडून आलो. घरच्या पांढऱ्या एलईडीखाली, पांढऱ्या चादरीवर तो उघडा पडला. पांढरी चादर हा तर कुठल्याही रंगासाठी सर्वांत निष्ठुर शेजार.

ही गोष्ट शास्त्रानं पहिल्यांदा नीट मांडली ती एका तक्रारीमुळे. पॅरिसच्या गोबलँ या सरकारी गालिचे-पडद्यांच्या कारखान्यात १८२४ साली मिशेल-युजीन शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचा प्रमुख झाला. विणकरांचं म्हणणं असं की, कारखान्याचा काळा रंग निकृष्ट आहे. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणताना तो मेलेला दिसतो. शेव्रलनं दुसरीकडच्या काळ्या लोकरी मागवून ताडून पाहिल्या. गोबलँचा काळा कुठेच कमी नव्हता. त्याला मारत होता तो शेजारचा निळा-जांभळा. डोळा एका रंगाकडे पाहताना त्याच्या विरुद्ध रंगाची छटा शेजाऱ्यावर चढवतो. निळ्याजवळचा काळा त्यामुळे किंचित गंजका, तपकिरी भासतो. यावर त्यानं १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. पुढच्या पिढ्यांतल्या फ्रेंच चित्रकारांनी त्या ग्रंथातून बरंच उचललं. पॅचवर्क शिवणाऱ्या बाईला मात्र त्याचं एका वाक्यातलं सार पुरे: रंग फिका वाटला तर आधी त्याच्या शेजाऱ्याकडे बघ.

पण जयपूरच्या कापडाचं पुनर्वसन करायचं तर ते मुळात कसं रंगतं हे ठाऊक हवं, कारण तिथले छिपे, म्हणजे ठशांनी कापड छापणारे कारागीर, आपलं फसलेलं काम आपल्या फार आधीपासून सावरत आले आहेत.

जयपूरहून अजमेरच्या रस्त्यावर तीसेक किलोमीटरवर बगरू आहे. इथे कोरं सुती कापड आधी धुऊन हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. वाळल्यावर ते फिकट पिवळसर, सायीच्या रंगाचं होतं. बगरूच्या कापडाची ती ओळखीची जमीन. मग शिसवी किंवा सागवानी ठसे. एक ठसा नुसत्या रेषेचा, एक जमिनीचा, एक मधल्या भरावाचा. काळ्यासाठी गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात आठवडा-दोन आठवडे आंबवून केलेलं द्रावण, त्यात डिंक किंवा चिंचोक्याची खळ. लोखंड हिरड्याला भेटतं आणि जागच्या जागी काळं पडतं. लालची गंमत वेगळी. छिपा छापतो ते तुरटीचं पाणी, आणि तुरटीला स्वतःचा रंगच नाही. आपण कुठे छापतो आहोत ते दिसावं म्हणून त्यात चिमूटभर गेरू मिसळतात. खरा लाल उगवतो तो नंतर, तांब्याच्या मोठ्या भांड्यात अलिझारीन आणि धायटीच्या फुलांबरोबर कापड उकळल्यावर. जिथे तुरटी होती तिथेच लाल धरतो. म्हणजे छापणारा आपलं काम आंधळेपणानंच करत असतो आणि निकाल भट्टीवर कळतो. (अलिझारीन म्हणजे पूर्वी मंजिष्ठाच्या किंवा आलाच्या मुळांतून मिळणाऱ्या लालाशी नातं सांगणारं द्रव्य; १८६८ मध्ये जर्मनीत ते प्रयोगशाळेत तयार झालं आणि मुळं खणण्याचा धंदा बसला.)

इतक्या पायऱ्या म्हटल्यावर चुका आल्याच. तुरटी कमी पडली तर लाल विटकरी होतो. लोखंडाचं पाणी नीट मुरलं नसेल तर काळा तपकिरीवर जातो. धुताना हयगय झाली तर मोकळी जमीन गुलाबीसर मळते. असं थान छिपा फेकून देत नाही, त्यावर दाबू चढवतो. दाबू म्हणजे तळ्याची काळी माती, चुना, डिंक आणि कीड लागलेल्या गव्हाचं पीठ यांचा चिखल. तो ठशानं छापायचा, ओला असतानाच वर लाकडाचा भुसा भुरभुरायचा, उन्हात कडक वाळवायचा आणि कापड निळीच्या हौदात सोडायचं. बाहेर काढताना ते हिरवं असतं, हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होतं. धुतल्यावर चिखल निघून जातो. त्याखालचा जुना लाल तसाच राहिलेला असतो, भोवती आता गर्द निळी जमीन. जो लाल काल सायीच्या रंगावर आजारी दिसत होता तो या निळ्यात पेटून उठतो. लाल तोच, बदलला तो भोवताल.

निळीऐवजी हिराकसात बुडवलं तर राखाडी मिळते. तिथे तिला कसीस म्हणतात. निळीवर डाळिंबाच्या सालीचं आणि हळदीचं पाणी दिलं की हिरवा. मला स्वतःला बगरूतलं सर्वांत देखणं कापड हेच वाटतं, दोन-तीनदा रंगात गेलेलं, ज्यात पहिल्या छपाईचं भूत पुसटसं दिसत राहतं. पहिल्याच फटक्यात नेमकं उतरलेलं कापड त्याच्यापुढे जरा कोरं वाटतं.

सांगानेरचा स्वभाव उलटा. जयपूरच्या दक्षिणेला, आता शहरात मिसळून गेलेलं हे गाव पांढऱ्या जमिनीवरच्या नाजूक फुलांसाठी प्रसिद्ध आहे. इथे लपवायला गडद जमीन नाही. बाजारात सांगानेरी म्हणून मिळणारं स्वस्त कापड आज बरंचसं स्क्रीनवर छापलेलं असतं. ठशाच्या कापडात दोन बुट्ट्या कधी तंतोतंत सारख्या नसतात, जोड कुठेतरी केसभर सरकतो. स्क्रीनचं काम शेवटपर्यंत नेमकं असतं. पॅचवर्कसाठी या फरकाला महत्त्व आहे, कारण स्क्रीनच्या कापडाची उलटी बाजू बहुधा पांढरट असते, तर ठशाच्या पातळ कापडात रंग मागे झिरपतो. ती मागची बाजू म्हणजे फुकट मिळालेली दुसरी, मवाळ छटा. भडक गुलाबी सुलट्या बाजूनं सोसवत नसेल तर उलटा लावून बघावा. ही युक्ती इतकी सोपी आहे की कोणी ती सांगतच नाही.

ठशाच्या या कामाला गेल्या पन्नास वर्षांत पुन्हा बरकत आली, त्यात १९७० मध्ये जयपुरात फेथ आणि जॉन सिंग या दांपत्यानं सुरू केलेल्या ‘अनोखी’चा वाटा मोठा आहे. आमेरच्या खेडी दरवाजाजवळची एक पडीक हवेली त्यांनी दुरुस्त केली, तिला २००० साली युनेस्कोचा वारसा-संवर्धनाचा पुरस्कार मिळाला आणि २००५ पासून तिथे ठसेछपाईचं संग्रहालय आहे. जयपूरला गेलेल्या मराठी माणसानं आमेरचा किल्ला बघून तसंच परत न फिरता तिथे तासभर घालवावा. कापडावर एकामागून एक ठसे पडताना रंग कसे बदलतात हे तिथे डोळ्यांना कळतं आणि मग बाजारातल्या थानाकडे बघण्याची नजर बदलते.

आता कपाटाच्या तळाशी गेलेले ते तुकडे.

पहिली गोष्ट, रंगाचं नाव विसरून उजळ-गडद बघायचं. डोळे बारीक करून पाहावं, किंवा मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करावा. दहापैकी आठ निराशांचं कारण तिथेच सापडतं: लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे रंग म्हणून घेतलेले तुकडे फोटोत एकाच राखाडीचे निघतात. मग कितीही सुंदर मांडणी करा, रजई लांबून गढूळच दिसणार. तिला गुलाबीची आणखी एक छटा नको असते. हवा असतो खरा गडद, आणि थोडासा खरा उजळ. जयपूरच्या कापडात हा गडद हाताशी असतो: निळीत अनेकदा बुडवलेला, जवळजवळ काळा निळा.

मळकट राखाडी ही सर्वांत जास्त टाकून दिली जाणारी आणि सर्वांत गुणी. कसीसच्या राखाडीला स्वतःचं मत नसतं. पिवळ्याजवळ ती जांभळट होते, लालजवळ हिरवट, निळ्याजवळ उबदार. तिला पांढऱ्याशेजारी ठेवलं की ती मळकी दिसते, तेव्हा पांढरा काढून तिथे हिरड्याची सायी जमीन किंवा गेरूचा तांबूस घालावा. दोन चमकदार तुकड्यांच्या मध्ये राखाडीची पट्टी आली की चमकदार तुकडे भांडायचे थांबतात. विलायती पॅचवर्कच्या नादानं हल्ली प्रत्येक चौकटीभोवती शुभ्र पट्टी फिरवायची पद्धत आली आहे. जयपुरी रंगांवर ती जुलूम करते. एकेका तुकड्याला ती पांढऱ्या फ्रेममध्ये अडकवते आणि शेजाऱ्यापासून तोडते.

भडक राणी रंगाला उलट वागवावं लागतं. त्याला शांत करायला फिका रंग लावला तर तो आणखी ओरडतो. त्याच घराण्यातला जास्त खोल रंग, वांगी किंवा जांभळाचा, शेजारी ठेवला की राणी रंग निमूट बसतो. आणि त्याचा तुकडा लहान कापावा. रजईभर सांडलेले दोन-दोन इंचांचे राणी त्रिकोण डोळ्याला सुखावतात. हातभर पट्टा डोळ्यात घुसतो. मात्र मोठी सांगानेरी बुट्टी अशी बारीक कापली की फूल हरवतं आणि उरते ती जमीन. म्हणून नक्षीचं कापड निवडताना फुलाचा रंग बघण्याऐवजी, तुकडा कापल्यावर त्यात कोणता रंग जास्त उरेल ते बघायचं. कागदाला चौकोनी खिडकी पाडून ती कापडावर फिरवली की हे लगेच कळतं.

हेही जमलं नाही तर बगरूची वाट आहेच. अति पांढरी जमीन हिरड्याच्या पावडरीच्या पाण्यात अर्धा तास भिजवून उन्हात वाळवली तर सायीवर येते. आधी चिंधीवर करून बघावं, आणि गडद तुकडे शिवण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघावेत. नीळ कापडावर बसते, धाग्यात पुरती मुरत नाही. ती शेजाऱ्याला लागतेच.

आपल्याकडच्या गोधडीला, कोल्हापूरकडच्या वाकळीला, निवडीची ही चैन नव्हती. जुनी लुगडी, धोतरं, सदरे जे असेल ते. तरी उत्तम गोधडी पाहिली की लक्षात येतं, लुगड्याचे काठ बाईनं मुद्दाम कडेला घेतले आहेत आणि विटलेला भाग मध्ये. सगळंच धुऊन-धुऊन एका पातळीवर उतरलेलं असल्यानं रंग आपोआप जुळतात आणि वरून दाट धावदोरा सगळ्यांना एकाच धाग्यात घेतो. नव्या कापडाला हे वय नसतं, म्हणून त्याला अक्कल लावावी लागते. धाग्याच्या रंगालाही. उजळ-गडद तुकड्यांवरून एकच मधल्या छटेचा दोरा गेला तर गडद किंचित उजळतो, उजळ किंचित दबतो. जयपुरी रजईत टाका असा काम करत नाही. तिचं कसब पिंजाऱ्याच्या हातात, पाव किलो कापूस इतका बारीक पिंजण्यात की मलमलीच्या आत तो जाणवू नये. तिथे रंगाचं शेवटचं म्हणणं कडेची मगजी मांडते. ठरवता येत नसेल तर मगजी रजईतल्या सर्वांत गडद रंगाची घ्यावी. आणि अजिबात न सुधारणारं कापड? ते अस्तराला. रजईला दोन बाजू असतात.

एक हिशेब मात्र आधीच मनात धरावा, की हे सगळे शेजारी सारखे म्हातारे होत नाहीत. हळदीचा पिवळा उन्हात पहिल्यांदा उडतो आणि निळीवरचा हिरवा पुन्हा निळा होऊ लागतो. डाळिंबाचा त्यापेक्षा टिकाऊ. नीळ धुण्यागणिक हलकी होते, अलिझारीनचा लाल वर्षानुवर्षं राहतो. सर्वांत दगाबाज तो लोखंडाचा काळा. लोखंड सुताला हळूहळू खातं. जुन्या छापील कापडांत लाल फुलं शाबूत असतात आणि काळ्या रेघांच्या जागी बारीक भोकं पडलेली दिसतात. तिथे ठिगळ लावताना पुन्हा काळाच शोधत बसू नये; तोवर भोवतालचे सगळे रंग उतरलेले असतात आणि नवा काळा त्यांच्यात फार कडक दिसतो. धुऊन विटलेल्या निळ्याचा तुकडा तिथे जास्त बरा बसतो.