तहानेचा वेग (लेखांक 7)

बुरशीचा संसर्ग आणि दही यांविषयी या आठवड्यात लिहीन असे मी कबूल केले होते, आणि त्याची टिपणेही तयार आहेत; परंतु दिवसाकाठी दीड लिटर पाणी अधिक पिण्याची जी शिफारस मी गेल्या लेखांकात केली, तिच्यावर मराठवाड्यातील एका प्राथमिक शिक्षिकाबाईंचे पत्र आले आहे, आणि त्याला उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. बाई सकाळी साडेआठला एस.टी.ने निघतात आणि संध्याकाळी सहाला घरी परततात. शाळेत शौचालय आहे, पण त्याला पाणी नाही आणि दाराला आतून कडी नाही. म्हणून सकाळच्या चहानंतर घरी येईपर्यंत त्या पाण्याचा घोटही घेत नाहीत, आणि वर्षातून तीन-चार वेळा उन्हाळी (लघवीची जळजळ) लागून हैराण होतात. मी सांगितलेले पाणी प्यायचे कधी आणि प्यायल्यावर जायचे कोठे, एवढाच त्यांचा प्रश्न आहे, आणि तो अत्यंत रास्त आहे.

लघवी तुंबवू नये हा उपदेश आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो. परंतु या बाई तुंबवीत नाहीत. तुंबवण्याची वेळच येऊ नये म्हणून त्या तहान मारतात. या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि माझ्याकडे येणाऱ्या परिचारिका, बसवाहक, दुकानांतून उभ्याने काम करणाऱ्या मुली यांच्या बाबतीत दुसरीच गोष्ट अधिक आढळते, असे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. योगायोग असा की या प्रश्नाचा नीट शोध घेतला गेला तोही शिक्षिकांमध्येच. अमेरिकेतील नायगार्ड आणि लिंडर या संशोधकांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे निम्म्या शिक्षिकांनी सांगितले, की शौचालयास जावे लागू नये म्हणून आम्ही शाळेत जाणूनबुजून कमी पाणी पितो. आणि अशा शिक्षिकांत मूत्रमार्गाच्या संसर्गाचे प्रमाण इतर शिक्षिकांच्या दुपटीहून अधिक निघाले. लघवीला कमी वेळा जाण्याचा मात्र संसर्गाशी तसा संबंध त्या पाहणीत दिसला नाही. माझा तर्क असा, की भरपूर पिऊन थोडा वेळ कळ काढणाऱ्या स्त्रीचे मूत्राशय उशिरा का होईना, पण धुऊन निघते. न पिणाऱ्या स्त्रीच्या मूत्राशयाला धुण्यासाठी पाणीच मिळत नाही.

येथे चरकाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. त्याच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात न अडवण्याजोगे तेरा वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक ऊर्मी, सांगितले आहेत. मूत्राचा वेग अडवल्यास ओटीपोटात शूळ, लघवीला कष्ट आणि डोकेदुखी होते, हे त्यातले विधान आपले वैद्य वारंवार सांगतात. परंतु त्याच तेरांमध्ये तहानेचाही समावेश आहे, आणि तहान अडवल्याने होणारे विकार तेथे स्वतंत्रपणे नोंदवले आहेत, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. एक वेग उत्पन्न होऊ नये म्हणून दुसऱ्याचा निरोध करणे, ही आमच्या बाईंची कैफियत त्या अध्यायाच्या चौकटीत अचूक बसते.

मूत्राशयाचे रक्षण मुख्यतः प्रवाहावर अवलंबून असते. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असतो, पुरुषाचा वीसच्या आसपास. त्यामुळे आतड्यात निरुपद्रवीपणे नांदणारे ई. कोलाय हे जंतू, ज्यांचे वर्णन थिओडोर एशेरिक या बालरोगतज्ज्ञाने 1885 साली केले, स्त्रीच्या मूत्राशयापर्यंत सहज पोहोचू शकतात. पण पोहोचणे म्हणजे आजार नव्हे. 1961 साली कॉक्स आणि हिनमन यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या मूत्राशयात मुद्दाम जंतू सोडून पाहिले, तेव्हा औषधावाचून, वारंवार रिती होत राहून ती मूत्राशये पुन्हा स्वच्छ झाली. जंतूंच्या अंगावर सूक्ष्म तंतू असतात, त्यांनी ते मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतात. ज्यांना चिकटण्याची संधी मिळाली नाही, ते प्रवाहाबरोबर निघून जातात. दहा तासांत दोनदा, तीही थोडी आणि गडद पिवळी लघवी होत असेल, तर त्यांना चिकटण्यास आणि वाढण्यास हवी तेवढी मुदत आपणच बहाल केली असे होते.

पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हा आक्षेप वाजवी आहे. त्यासाठी प्रयोग लागतो, आणि तो 2018 साली हूटन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. वारंवार संसर्ग होणाऱ्या, आणि दिवसाला दीड लिटरहून कमी द्रवपदार्थ घेणाऱ्या 140 स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज आणखी दीड लिटर पाणी पिण्यास सांगितले गेले. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, आणि ज्यांनी आपला शिरस्ता बदलला नाही त्यांना 3.2 वेळा. प्रतिजैविकांचा वापरही साधारण त्याच मानाने घटला. या प्रयोगास बाटलीबंद पाणी विकणाऱ्या एका कंपनीचे अर्थसाहाय्य होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. मात्र पाणी स्वच्छ असेल तर नळाचे किंवा विहिरीचे पाणीही तेच काम करते. या संसर्गावरचा उपाय म्हणून दुकानात महागड्या मोलाने मिळणाऱ्या क्रॅनबेरीच्या रसाविषयी मला जितकी पत्रे येतात, त्यांच्या दशांशानेही कोणी या फुकटच्या औषधाविषयी विचारीत नाही.

आणखी एक बाब सांगितली पाहिजे, कारण ती सुशिक्षित घरांतूनच अधिक आढळते. सार्वजनिक शौचालयातील कमोडवर टेकण्याची किळस वाटून बहुतेक बायका अर्धवट वाकून, मांड्या ताणून उभ्या राहतात. ब्रिटनमध्ये 1991 साली याचे मोजमाप झाले: अशा अवस्थेत लघवीची धार मंदावते आणि मूत्राशयात शिल्लक राहणारी लघवी दुपटीहून अधिक होते. मूत्रमार्गाच्या संसर्गाचे जंतू बहुधा आपल्याच आतड्यातून येतात, कमोडच्या बैठकीवरून नव्हे. तेव्हा बैठक पुसून किंवा कागद अंथरून निवांत टेकावे, आणि देशी पद्धतीचे शौचालय असेल तर पूर्ण उकिडवे बसावे. अर्धवट अवस्था तेवढी टाळावी.

परंतु जेथे कडीच नाही, तेथे हा सल्ला तरी कोण पाळणार? म्हणून मी मूत्रमार्गाच्या आरोग्याचा प्रश्न दवाखान्याइतकाच इमारत खात्याचा आणि पंचायतीचा मानते. कायद्याच्या दप्तरात याची तजवीज नाही असे मुळीच नाही. कारखान्यांत स्त्रियांसाठी स्वतंत्र शौचालये असावीत, हे 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या कलम 19 मध्येच लिहिलेले होते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मुलामुलींच्या वेगळ्या शौचालयांची अट आहे. आणि 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना शाळांतून पाणी व शौचालये यांची सोय करण्याचा हुकूम दिला. मुंबईत 2011 पासून ‘राइट टू पी’ या नावाने स्त्रियांनी जी चळवळ चालवली, तिने पुरुषांना मुताऱ्या मोफत आणि बायकांना मात्र पैसे, हा अन्याय चव्हाट्यावर आणला. त्या कार्यकर्त्या डॉक्टर नव्हत्या. तरीही माझ्या पिढीच्या अनेक डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांहून त्यांचे काम या रोगाच्या प्रतिबंधास अधिक उपकारक आहे, असे मला मनःपूर्वक वाटते.

बाईंना माझे सांगणे असे. दीड लिटरचे तीन वाटे करावेत. पहिला अर्धा लिटर पहाटे उठल्यापासून सातपर्यंत संपवावा, म्हणजे निघण्यापूर्वी दोनदा जाऊन येता येईल. दुसरा शाळा सुटण्याच्या सुमारास सुरू करून घरी पोहोचेपर्यंत घोटाघोटाने संपवावा. तिसरा संध्याकाळी, झोपण्याच्या दोन तास आधीपर्यंत. मधल्या सुट्टीत शाळेजवळच्या एखाद्या घरी जाण्याची सोय करून घ्यावी, आणि त्या भरवशावर जेवताना दोन पेले पाणी प्यावे. हे सर्व तात्पुरते आहे. कडी आणि पाणी यांसाठी शाळा व्यवस्थापन समितीकडे लेखी अर्ज द्यावा, त्यावर सर्व शिक्षिकांच्या सह्या घ्याव्यात, आणि पोच जपून ठेवावी. शाळेतल्या मुलीही पाणी न पिताच दिवस काढीत असणार, हेही अर्जात नमूद करावे.

ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी हा लेख स्वतःला लागू करू नये. आणि थंडी वाजून ताप, कुशीत वा पाठीत दुखणे, उलट्या, लघवीतून रक्त, यांपैकी काही असेल, किंवा स्त्री गरोदर असेल, तर पाण्यावर विसंबून दिवस न दवडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

बुरशी आणि दही पुढील आठवड्यात नक्की. दही किंवा लसणाची पाकळी योनिमार्गात ठेवावी काय, असे काही वाचकांनी विचारले आहे. त्याची कारणमीमांसा तेव्हा येईलच, पण तोवर असा प्रयोग करू नये, आणि केला असल्यास थांबवावा.