एलईडी दिव्यांचा धंदा : आधी विद्या, मग भांडवल

आमच्या अकोला शहरात बिछायत केंद्रवाले, मंडप-डेकोरेशनवाले, वायरमन, मोटार रिवाइंडिंग करणारे, पत्र्याचे व वेल्डिंगचे काम करणारे असे कितीतरी मुस्लिम कारागीर आहेत. लग्नसराई, ईद, गणेशोत्सव, दिवाळी आणि श्रावणातील कावड यात्रा या सर्वच प्रसंगी रोषणाईची मागणी असते. दुसरीकडे आपली काही मुले-मुली आता डिझाइनचे शिक्षण घेऊ लागली आहेत. कागदावर ती सुंदर दिवा काढतात, पण तो पेटवायचा कसा हे त्यांना दुसऱ्याला विचारावे लागते. कारागिराच्या हातात कसब आहे, पण आकृती नाही. विद्यार्थ्याजवळ आकृती आहे, पण विजेची ओळख नाही. ही दोन टोके जुळली तर चांगला धंदा उभा राहू शकतो. म्हणूनच आज आम्ही एलईडीची प्राथमिक माहिती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हे आताच सांगण्याचे आणखी एक कारण आहे. ‘घरबसल्या एलईडी बल्ब बनवा, कच्चा माल आम्ही देऊ, तयार माल आम्हीच परत घेऊ’ अशा जाहिराती सर्वत्र दिसतात. यंत्र आणि सुटे भाग यांचे पैसे आधी घेतले जातात. मग तयार माल ‘दर्जाचा नाही’ म्हणून नाकारला की कारागिराने करायचे काय? माल खरोखर खराब आहे की सबब सांगितली जात आहे, हे त्याला स्वतःला तपासता आले पाहिजे. नाही तर बहिणीचे दागिने मोडून आणलेले भांडवल खोक्यांत पडून राहते.

दिवा पेटतो कसा?

एलईडी म्हणजे प्रकाश देणारा डायोड. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये तार तापून लाल-पांढरी होते, तेव्हा उजेड पडतो आणि बरीचशी वीज उष्णतेत जाते. एलईडीत तार नसते. अर्धवाहक पदार्थाच्या दोन थरांच्या सांध्यातून वीज गेली की तेथेच प्रकाश निर्माण होतो. वीज एकाच दिशेने जाते, म्हणून उलटा जोडल्यास दिवा लागत नाही. लहान एलईडीला दोन पाय असतात; लांब पाय धन बाजूचा.

डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी अमेरिकेत १९६२ साली तयार झाला. पांढऱ्या उजेडासाठी मात्र निळा एलईडी हवा होता आणि त्याला आणखी तीस वर्षे लागली. जपानमधील निचिया या कंपनीत काम करणारे शुजी नाकामुरा यांनी यंत्रसामग्रीत स्वतःच्या हाताने फेरबदल करीत प्रयोग चालू ठेवले. १९९३ साली त्यांचा तेजस्वी निळा एलईडी जगापुढे आला. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळसर फॉस्फरचा थर दिला की पांढरा उजेड मिळतो. आपल्या घरातील बल्ब याच तत्त्वावर चालतो.

पहिला हिशेब

शिकणाऱ्याने प्रथम बॅटरीवर काम करावे. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट लागतात, पांढऱ्या व निळ्याला सुमारे ३. लहान एलईडीतून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊ देऊ नये. प्रवाह आवरण्यासाठी रोधक, म्हणजे रेझिस्टर लावतात. तो किती ओहमचा असावा, हा शाळेतल्या गणिताचाच भाग आहे.

समजा बॅटरी ९ व्होल्टची आहे आणि एलईडी पांढरा आहे. ९ मधून ३ वजा केले की ६ व्होल्ट उरले. या ६ ला ०.०२ अँपिअरने भागले की ३०० ओहम येतात. बाजारात त्याच्या जवळचा ३३० ओहमचा रोधक सहज मिळतो, तो लावावा. ज्याला एवढा हिशेब जमला, त्याने निम्मी वाट चालली असे समजावे.

रोषणाईत वापरली जाणारी १२ व्होल्टची पट्टी याच हिशेबावर चालते. तीन पांढऱ्या एलईडींचे मिळून ९ व्होल्ट होतात; उरलेले ३ व्होल्ट रोधक सांभाळतो. अशा तिघांचा एक गट असतो, म्हणून पट्टी खुणेवरच कापायची असते. खूण सोडून कापली की तो गट बंद पडतो.

आता अडॅप्टर किती मोठा घ्यावा? पट्टी मीटरला १४.४ वॅटची असेल तर ५ मीटरला ७२ वॅट लागतात. ७२ ला १२ ने भागले की ६ अँपिअर. अडॅप्टर नेहमी पूर्ण क्षमतेवर चालवू नये. थोडी सवड ठेवून ८ अँपिअरचा घ्यावा. मंडपात लांब पट्टी एकाच टोकाकडून जोडली तर दुसऱ्या टोकाचे दिवे मंद दिसतात. ग्राहकाला वाटते माल हलका आहे. वास्तविक तारेत व्होल्टेज घटलेले असते. दोन्ही टोकांकडून वीज दिली आणि तार जाड वापरली की तक्रार राहत नाही.

उष्णता हाच शत्रू

अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे वाचकांना सांगायला नको. एलईडी स्वतः कमी तापत असला तरी त्याचा सांधा आणि ड्रायव्हरमधील कपॅसिटर यांना उष्णता सोसत नाही. पत्र्याच्या छपराखाली, हवा न खेळणाऱ्या बंद डब्यात बसविलेला दिवा लवकर जातो. म्हणून शक्तिशाली एलईडी ॲल्युमिनियमच्या पाटीवर बसवावा, मध्ये उष्णता वाहून नेणारा लेप लावावा आणि दिव्याच्या घडणीत हवेला वाट ठेवावी. पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराचे कसब येथेच उपयोगी पडते.

घरातील २३० व्होल्टच्या बल्बशी मात्र नवख्याने खेळ करू नये. स्वस्त बल्बच्या ड्रायव्हरमध्ये मुख्य लाईन आतील भागांपासून वेगळी केलेली नसते आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहू शकतो. जाणकाराच्या देखरेखीखाली शिकूनच हे काम करावे.

उजेडाची पारख

डिझाइन शिकणाऱ्याने केवळ दिव्याचा आकार पाहू नये, उजेड कोणत्या कामासाठी आहे हे आधी विचारावे. ३००० केल्विनच्या आसपासचा उजेड पिवळसर व ऊबदार असतो, ६५०० चा पांढराफेक. कापडाच्या दुकानात रंग खरा दिसला नाही तर गिऱ्हाईक साडी घेऊन उन्हात जाते. तेथे रंगदर्शन निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९० च्या जवळ असलेला दिवा सुचवावा. जरीकाम करणाऱ्याला आणि शिंप्याला सुईवर सावली न पडणारा दिवा हवा, तर जेवणाच्या खोलीत डोळ्यांवर न येणारा. मेळघाटात बांबूकामाची परंपरा आहे आणि लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्राने ते काम नावारूपाला आणले आहे. बांबूची टोपली आणि कमी तापणारा एलईडी यांची जोडी चांगली जमते.

शिकता येते, याचा दाखला

हे सर्व फक्त इंजिनिअरांचे काम आहे, असे कोणी म्हणेल. त्यांनी मुंबईच्या आयआयटीचा अनुभव पाहावा. प्रा. चेतनसिंह सोळंकी यांच्या पुढाकाराने तेथे २०१४ साली सौर अभ्यास-दिव्यांची मोहीम सुरू झाली. महाराष्ट्रासह चार राज्यांत दहा लाख दिवे शाळकरी मुलांपर्यंत पोहोचले. हे दिवे जोडण्याचे, विकण्याचे आणि दुरुस्तीचे काम खेड्यापाड्यांतील स्त्री-पुरुषांनाच शिकविले होते. पुढे २ ऑक्टोबरच्या निमित्ताने शाळकरी मुलांकडून दिवे जोडून घेण्याच्या कार्यशाळाही झाल्या. शाळेतला मुलगा जे करू शकतो, ते आपला कारागीर का करू शकणार नाही?

धंद्याचा विचार

साध्या बल्बच्या किमतीत मोठ्या कारखान्यांशी स्पर्धा करणे शहाणपणाचे नाही. सरकारी घाऊक खरेदीत एलईडी बल्बचा दर २०१४ साली ३१० रुपये होता, तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. एवढ्या उतारात लहान माणूस टिकत नाही. शिवाय घरगुती एलईडी बल्ब विकण्यासाठी आयएस १६१०२ या मानकानुसार बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. तिच्याशिवाय आपल्या नावाचे खोके छापून बल्ब विकणे म्हणजे माल जप्त होण्याची जोखीम घेणे.

लहान कारागिराला वाव आहे तो दुरुस्तीत, रोषणाईच्या जोडणीत, दुकानांच्या पाट्यांत आणि घडवून दिलेल्या शोभेच्या दिव्यांत. त्यातही नोंदणी असलेला अडॅप्टर बाजारातून घ्यावा आणि आपले काम १२ व्होल्टच्या बाजूला ठेवावे. दर ठरविताना माल, मजुरी आणि परत येणारे नग हे तिन्ही धरावेत. समजा एका नगाला १०० रुपये खर्च आला आणि दहापैकी एक बदलून द्यावा लागला, तर खरा खर्च ११० रुपये झाला. जो हे धरीत नाही, त्याचा नफा हमीतच निघून जातो.

सुरुवातीला लागते ते थोडेच : मल्टिमीटर, चांगला सोल्डरिंग आयर्न, पक्कड, बॅटरी आणि काही सुटे भाग. शासकीय आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन व इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचे शिक्षण मिळते. धंदा वाढवायचा झाल्यास जिल्हा उद्योग केंद्रात पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करावी. त्यात अल्पसंख्याकांचा समावेश विशेष प्रवर्गात आहे, त्यामुळे स्वतःचा हिस्सा कमी भरावा लागतो आणि अनुदान अधिक मिळते.

आमचे सांगणे एवढेच की, कोणाच्याही योजनेत पैसे गुंतविण्यापूर्वी दहा दिवे स्वतःच्या हाताने जोडावेत, महिनाभर पेटते ठेवावेत आणि त्यांतले किती टिकतात ते वहीत लिहावे. घरात डिझाइन शिकणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर त्याला वर्कशॉपमध्ये बसवावे आणि कारागिराने त्याची आकृती समजून घ्यावी. परत घेण्याचे आश्वासन देणारा व्यापारी उद्या दुकान बंद करील. हाताला आलेली विद्या मात्र कोणी परत घेऊ शकत नाही.