मिठीकाठची जुनी सरहद्द

धारावीत काळा किल्ला विचारलात तर लोक बेस्टच्या आगाराकडे हात करतात. नाव आगाराला चिकटलं आणि किल्ला मागे पडला. कागदोपत्री त्याला रिवा किल्ला म्हणतात. किल्ला कसला, खाडीवर नजर ठेवायला बांधलेला बुरूजच तो! दगड काळवंडलेले, सांध्यांतून झाडोरा माजलेला, भोवती घरांची दाटी. भिंतीतली इंग्रजी शिळा सांगते की हे बांधकाम मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या हुकमाने १७३७ मध्ये झालं.

हे साल साधं नाही. त्याच वर्षी चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणं मराठ्यांनी घेतलं आणि साष्टीतून पोर्तुगीजांचा पाय निघाला. दोन वर्षांनी वसई पडली. बेटावरच्या इंग्रजांना आता खाडीपलीकडे थेट मराठे दिसू लागले. १७३९ मध्येच कोटाभोवती खंदक खणायला मुंबईच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली, ती याच धास्तीने. १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाणं घेतलं तोवर मिठी नदीचं हे मुख म्हणजे दोन सत्तांमधली सरहद्द होती. शीवचा टेकडीवरचा किल्ला त्याआधीचा, जेरल्ड ऑन्जिअरच्या काळातला. तोही उत्तरेकडेच तोंड करून उभा आहे. मुंबईच्या इतिहासात कुलाबा आणि फोर्टला जेवढी पानं मिळतात, त्याच्या चौथाईही या काठाला मिळत नाहीत, हे मला अन्यायाचंच वाटतं.

सरहद्द पुसली, साष्टी आणि मुंबई बांधांनी जोडली गेली, तरी काठाचं नशीब फारसं पालटलं नाही. दलदल, खाजण, तिवरं. कुणाच्याच दारासमोर न येणारी जमीन. अशा जागेचं शहर काय करतं? कचरा टाकतं. धारावीलगतच्या या पट्ट्यावर मुंबईचा कचरा पडत राहिला, तो १९७७ मध्ये थांबला. त्याच साली पलीकडच्या काठावर वांद्रे-कुर्ला संकुलाच्या नियोजनाची जबाबदारी एमएमआरडीएकडे आली. एका काठाच्या वाट्याला भराव आणि पुढे काचेच्या इमारती आल्या, दुसऱ्याच्या वाट्याला जंगल.

जंगल आपोआप उगवलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. कचऱ्यावर माती पसरून झाडं लावली गेली. १९८३ मध्ये पहिलं रोप लावलं ते डॉ. सालिम अली यांनी, आणि ३७ एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान १९९४ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. शीव-वांद्रे जोडरस्त्यावरून आत शिरलं की हॉर्नचा गोंगाट दहा-वीस पावलांत विरतो. पायाखालच्या पाचोळ्याखाली माती आणि तिच्याखाली त्या काळचा कचरा आहे, ही गोष्ट मनातून जाता जात नाही. जुन्या शहरांत खणलं की विटा, नाणी लागतात. इथे खणलं तर काय काय लागेल, याची कल्पना मुंबईकराने स्वतःच करावी.

मला जास्त रस आहे तो उद्यान आणि मिठी यांच्या मधल्या पट्टीत. तिथे तिवरं आहेत. ओहोटीला चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी मुळं दिसतात. चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. पान नीट निरखलं तर त्यावर मिठाचे बारीक कण सापडतात, कारण जादा मीठ तिवर पानांवाटेच बाहेर टाकतं. त्याच चिखलावर निवटे उड्या मारतात. शेजारून वाहणारं पाणी कसं आहे, हे नाकाला कळतंच. तरी तिवर तग धरून आहे. इतकं सोसणारी दुसरी झाडं या किनाऱ्यावर मोजकीच.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नावाची नदी आपल्या शहरात आहे, हे पुष्कळांना त्या दिवशी कळलं. त्यानंतर नदी खोल झाली, रुंद झाली, तिला भिंती बांधल्या गेल्या. भिंत घालताना भरतीच्या पाण्याला पसरायला जागा ठेवावी लागते, आणि ती जागा नेमकी या तिवरांच्या पट्ट्यासारखी असते. खाजण ही पडीक जमीन नव्हे. पण सरकारी आणि खाजगी भाषेत ती अजूनही ‘मोकळी’ जमीनच आहे. काळ्या किल्ल्याला हॉर्नची शिळा तरी आहे. तिवरांच्या पट्टीला सातबाऱ्यावरच्या शेऱ्यापलीकडे काही नाही, आणि शेरा बदलायला तोफा लागत नाहीत.