जहाजी बहीण

रक्ताच्या नात्यांखेरीज इतर नात्यांनाही नावे द्यावीत, अशी आपल्या भाषेची रीत आहे. एकाच गुरूपाशी विद्या घेतलेले दोघे गुरुबंधू होत. दुसऱ्याच्या आईचे दूध पिऊन वाढलेले मूल तिच्या मुलांचा दूधभाऊ होतो. भाऊबीजेला ओवाळून जोडलेला भाऊ हा मानलेला भाऊ. मुलांनो, या मालिकेत शोभेल असे आणखी एक नाते आहे. ते भर समुद्रात, शिडाच्या जहाजावर जन्मले. त्याचे नाव ‘जहाजी बहीण’.

हे नाते समजण्यासाठी थोडा इतिहास पाहिला पाहिजे. इंग्रजांच्या साम्राज्यातील गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ साली झाला व पुढील वर्षापासून तो अमलात येऊ लागला. तोपर्यंत वसाहतींतील उसाचे मळे गुलामांच्या श्रमावर चालत असत. ते श्रम आता फुकट मिळेनात, तेव्हा मळेवाल्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. पाच वर्षे परदेशी मळ्यात काम करण्याचा करार करून मजूर नेण्याची पद्धत सुरू झाली. कराराला इंग्रजीत ‘ॲग्रीमेंट’ म्हणतात. खेडुतांच्या तोंडी त्या शब्दाचे ‘गिरमिट’ झाले आणि असा करार केलेला मनुष्य ‘गिरमिटिया’ ठरला. आपल्याकडे सुताराच्या हत्याराला गिरमिट म्हणतात, त्याच्याशी या शब्दाचा काही संबंध नाही. परंतु लाकडात रुतावे तसे हे गिरमिटही माणसाच्या आयुष्यात खोल रुतले.

‘ॲटलस’ नावाचे जहाज २ नोव्हेंबर १८३४ रोजी मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरास लागले. त्यात छत्तीस मजूर होते. त्यानंतर १८३८ साली ब्रिटिश गयाना, १८४५ साली त्रिनिदाद, १८६० साली आफ्रिकेतील नाताळ, १८७३ साली डचांचे सुरिनाम आणि १८७९ साली फिजी, अशा दूरदूरच्या देशांत ही जहाजे जाऊ लागली. एकंदर दहा लाखांहून अधिक माणसे अशा रीतीने देशाबाहेर गेली. त्यांतील बहुसंख्य बिहार, संयुक्त प्रांत आणि मद्रास इलाखा या भागांतील होती. मॉरिशसला मात्र मुंबई बंदरातूनही मजूर गेले, आणि त्यांत आपल्या कोकणातील मराठी माणसेही होती.

आरंभी या जहाजांवर स्त्रिया फार थोड्या असत. पुढे शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाठविल्याच पाहिजेत, असा नियम झाला. या स्त्रिया कोण होत्या? काही पतीबरोबर निघाल्या होत्या. परंतु पुष्कळशा एकट्या होत्या. कोणी बालविधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली, कोणी दुष्काळात घरदार गमावलेली, तर कोणी तीर्थयात्रेत चुकलेली आणि मजूर गोळा करणाऱ्या दलालाच्या गोड बोलण्याला भुललेली. ज्या देशी जायचे तो किती लांब आहे, हे त्यांतील अनेकींना ठाऊकही नव्हते.

आता त्या जहाजाची कल्पना करा. कलकत्त्याहून वेस्ट इंडीजला पोहोचण्यास शिडाच्या जहाजाला सुमारे तीन महिने लागत. प्रत्येकाच्या गळ्यात क्रमांक कोरलेला पत्र्याचा बिल्ला असे. एकटे पुरुष जहाजाच्या पुढील भागात, कुटुंबे मध्यभागी आणि एकट्या स्त्रिया मागील भागात, अशी व्यवस्था असे. समुद्र ओलांडणे हे त्या काळी धर्मबाह्य मानीत. काळ्या पाण्यापलीकडे गेलेल्याची जात जाते, अशी समजूत होती. शिवाय जहाजावर सर्वांचे अन्न एकत्र शिजे. घरी जी दुसरीच्या हातचे पाणीही प्याली नसती, तिला येथे तिच्या शेजारी बसून जेवावे लागे. वादळात जहाज हेलकावू लागले, म्हणजे थोरल्या घरची कोण आणि धाकट्या घरची कोण, हा प्रश्न उरत नसे. जी जवळ असे, तिचाच हात धरावा लागे.

सुजरिया नावाची एक स्त्री १९०३ साली ‘क्लाइड’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ब्रिटिश गयानाकडे एकटीच निघाली. ती गरोदर होती. प्रवासातच तिला मुलगा झाला. तिची पणती गायूत्रा बहादूर हिने २०१३ साली एक पुस्तक लिहून पणजीचा आणि तिच्यासारख्या असंख्य स्त्रियांचा माग काढला. अशा प्रसंगी आई, सासू, नणंद, जाऊ यांपैकी कोणीही जवळ नसते. असतात त्या फक्त सहप्रवासिनी. प्रवासारंभी अनोळखी असलेल्या या स्त्रिया किनारा दिसेपर्यंत एकमेकींच्या बहिणी का होत, हे यावरून ध्यानात येईल.

पुरुष एकमेकांना ‘जहाजी भाई’ म्हणत; स्त्रिया ‘जहाजी बहिन’ झाल्या. हे केवळ गोड बोलणे नव्हते. नाते म्हटले की त्याची बंधने आली. जहाजी भावंडांच्या मुलांचा परस्परांत विवाह करणे पुष्कळ ठिकाणी अनुचित मानीत, कारण ती मुले मावसभावंडे अथवा चुलतभावंडे ठरत. ज्यांचे सर्व नातलग समुद्रापलीकडे राहिले होते, त्यांनी मामा, मावशी, काका, काकी ही सारी माणसे नव्याने निर्माण केली.

या मैत्रीची खरी कसोटी मात्र किनाऱ्यावर उतरल्यावर लागे. उतरताच मजुरांची वेगवेगळ्या मळ्यांत वाटणी होई आणि तीन महिने एकत्र काढलेल्या बहिणी दुरावत. त्रिनिदादमध्ये कराराची मुदत संपेपर्यंत परवान्यावाचून मळा सोडता येत नसे; परवाना नसताना कोणी बाहेर आढळल्यास त्याला शिक्षा होई. म्हणजे बहिणीला भेटण्यासाठीही मालकाची चिठ्ठी हवी!

मळ्यातील वस्तीही पाहण्यासारखी होती. फिजीत मजुरांच्या चाळींतील एकेक खोली सुमारे दहा फूट लांब आणि सात फूट रुंद असे. दोन खोल्यांमधील भिंत छतापर्यंत पोहोचत नसे. वरच्या मोकळ्या जागेत तारेची जाळी असे. त्यामुळे एका खोलीतील रडणे, भांडणे, खोकणे दुसरीत स्पष्ट ऐकू येई. एकांत असा नव्हताच. परंतु त्याच जाळीतून शेजारणीचा कण्हण्याचा आवाजही ऐकू येई. पुरा दिवस नेमून दिलेले काम केल्यावर पुरुषाला एक शिलिंग, म्हणजे बारा पेन्स मिळत. स्त्रीला नऊच पेन्स मिळत. मळ्यातून परतल्यावर स्वयंपाक, धुणे आणि मुले हे दुसरे काम तिची वाट पाहत असेच. अशा जीवनात शेजारणीने तान्हे मूल घटकाभर सांभाळणे, आजारात पेज करून देणे या लहानशा गोष्टी नव्हत; त्यांवर एखाद्याचे प्राण अवलंबून असत.

या स्त्रियांपैकी पुष्कळ जणींना लिहितावाचता येत नव्हते. पण त्यांनी पाठ केलेली गाणी जहाजातून आणली होती. लग्नघरी स्त्रियांनी जमून गाणी म्हणण्याची भोजपुरी चाल त्यांनी मॉरिशसमध्ये चालू ठेवली. तिला ‘गीत गवाई’ म्हणतात. पाच सुवासिनी एका वस्त्रात हळद, तांदूळ, दूर्वा आणि पैसा घेऊन आरंभ करतात, देवतांची गाणी होतात, ढोलकीची पूजा होते आणि मग सर्व स्त्रिया गातात, नाचतात. २०१६ साली युनेस्को या जागतिक संस्थेने गीत गवाईचा मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. आपल्या मंगळागौरीची आठवण व्हावी अशीच ही चाल आहे. वर्षभर राबणाऱ्या स्त्रियांना एका रात्रीपुरते मोकळेपणाने हसण्याचे ते स्थान होते.

त्यांच्या एकत्र राहण्यातून भाषाही घडल्या. भोजपुरी, अवधी आणि इतर बोलींच्या मिश्रणातून सुरिनाममध्ये ‘सरनामी’ आणि फिजीत ‘फिजी हिंदी’ या नव्या बोली उदयास आल्या. या बोली कोणत्याही पंडिताने शाळेत शिकविल्या नाहीत. त्या चुलीपाशी, विहिरीवर आणि पाळण्याशेजारी घडल्या. आज मॉरिशस व त्रिनिदादमध्ये रस्तोरस्ती विकली जाणारी डाळपुरीही त्याच चुलींवरून तेथे आली.

मैत्रीने सर्व दुःखे नाहीशी झाली, असे मात्र समजू नये. मुकादमांचे जुलूम, मारहाण आणि अपमान यांपासून बहिणी एकमेकींना नेहमी वाचवू शकत नसत. त्यासाठी ती पद्धतच बंद होणे अवश्य होते. आपले गोपाळ कृष्ण गोखले यांनी ४ मार्च १९१२ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात गिरमिट पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. तथापि लोकमत जागे झाले. सरोजिनी नायडूंनीही १९१७ साली अलाहाबादच्या सभेत तिच्याविरुद्ध आवाज उठविला. त्याच वर्षी मजूर पाठविणे थांबले आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेल्या गिरमिटियांचे करार रद्द झाले. त्यानंतर लगेच सुवा शहरात महागाईमुळे मजुरांचा संप झाला, तेव्हा स्त्रिया आघाडीवर होत्या. ज्या हातांनी एकमेकींची मुले सांभाळली होती, तेच हात आता हक्कासाठी एकत्र आले.

पोर्ट लुई बंदरात आजही ‘आप्रवासी घाट’ उभा आहे. सुमारे पाच लाख मजूर मॉरिशसमध्ये उतरले. घाटाच्या त्या सोळा पायऱ्या चढून लक्षावधी माणसांनी परक्या भूमीवर पाऊल ठेवले. २००६ साली हे स्थान जागतिक वारसा म्हणून घोषित झाले. मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, आणि कोकणातून गेलेल्यांचे वंशज गणपती बसवून आरती म्हणतात.

मुलांनो, नवे गाव, नवी शाळा किंवा नवा देश यांत एकट्याने पाऊल ठेवण्याची वेळ कोणावरही येऊ शकते. तुमच्या वर्गातही एखादा मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या जिल्ह्यातून वा दुसऱ्या प्रांतातून आलेली असेल. तिची बोली वेगळी असेल, डब्यातील भाजी वेगळी असेल. मधल्या सुट्टीत ती एकटी बसलेली दिसली, तर त्या जहाजाच्या मागील भागात बसलेल्या स्त्रियांची आठवण ठेवा. त्यांनी शेजारणीची जात विचारली नाही आणि गावही विचारले नाही. थोडे सरकून तिला जागा करून दिली.