वाचता येतं का, हे कोण विचारणार?

आमची पिठाची गिरणी आहे. दळण आलं की डब्यावर मी चिठ्ठी ठेवते: कुणाचं, काय, किती किलो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिसरीतल्या लेकीला म्हटलं, "चिठ्ठ्या वाच आणि बाजरीचे डबे एका बाजूला लाव." एक चिठ्ठी हातात घेऊन ती बराच वेळ उभी राहिली. मग अक्षरांवर बोट ठेवत म्हणाली, "ब... ज... र." पुढे माझ्या तोंडाकडे बघायला लागली. काना कुठला, वेलांटी कुठली, तिला पत्ताच नव्हता.

हीच पोर रोज संध्याकाळी पुस्तकातला धडा घडाघडा म्हणून दाखवायची. त्या रात्री मी धड्याच्या मधल्याच एका ओळीवर बोट ठेवलं. तिला ती वाचता येईना. "पहिल्यापासून म्हणू का?" तिनं विचारलं. वर्गात सगळ्यांच्या सुरात म्हणून म्हणून धडा पाठ झाला होता. प्रगतिपुस्तकात मराठीपुढे 'अ-2' लिहिलेलं होतं.

मला राग आला तो गुरुजींचा. शाळा उघडल्यावर तडक गेले. आमची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, पट 43, शिक्षक दोन. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. बाई त्या दिवशी तालुक्याला प्रशिक्षणाला गेलेल्या. गुरुजी एकटे चारही वर्ग सांभाळत होते आणि मोबाइलला रेंज मिळावी म्हणून दारात येऊन उभे होते. किती मुलं जेवली, ते त्यांना वर कळवायचं होतं.

मी सगळं सांगितलं. ते खाली बघत म्हणाले, "ताई, तांदूळ किती शिजला हे मला रोज विचारतात. किती मुलं वाचायला लागली, हे इतक्या वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही."

माझा रोजचा संबंध वजनकाट्याशी. प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, म्हणजे 43 मुलांना 4 किलो 300 ग्रॅम. तो हिशेब चोख राहायलाच हवा. शाळेत मिळणाऱ्या खिचडीवर कितीतरी लेकरांचा दिवस निघतो. पण ज्या काळजीनं तांदूळ मोजला जातो, त्या काळजीनं वाचन का पाहिलं जात नाही?

मग मी कायदा समजून घेतला. 1882 साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे मागणी केली होती, की निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. देशभरातल्या लेकरांसाठी तसा कायदा व्हायला 2009 उजाडलं. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. त्यात पहिली ते पाचवीला वर्षात किमान 200 दिवस आणि 800 तास शिकवणं बंधनकारक आहे. शिक्षकांना जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम देता येत नाही.

कागदावर सगळं नीट आहे. मग माशी शिंकते कुठे?

पहिली गोष्ट शिक्षकसंख्येची. कायद्यात 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, असं गणित आहे. ते डोकी मोजतं, इयत्ता मोजत नाही. आमच्या 43 मुलांना दोन शिक्षक म्हणजे नियमात एकदम बरोबर. पण इयत्ता चार. गुरुजी चौथीला भागाकार शिकवतात तेव्हा तिसरी फळ्यावरचं उतरवून काढत बसते. म्हणजे दोन्ही शिक्षक हजर असले तरी माझ्या मुलीच्या वाट्याला निम्मीच तासिका येते.

दुसरी गोष्ट, ते दोघं हजर कधी असतात? दळणाचा हिशेब लिहिते त्याच वहीत मी एक महिना नोंद ठेवली. शाळा भरली 22 दिवस. दोन्ही शिक्षक दिवसभर वर्गात होते असे दिवस 9. बाकीचे दिवस केंद्रशाळेतली बैठक, प्रशिक्षण, मतदारयादीचं काम आणि ऑनलाइन माहिती यांत गेले. यातलं बहुतेक काम कायद्याच्या बंदीत बसत नाही. मतदारयादी म्हणजे निवडणुकीचं काम, आणि ऑनलाइन माहिती म्हणजे शाळेचंच काम. नाव काहीही द्या, त्या वेळात वर्गाला शिक्षक नसतो.

तिसरी गोष्ट मूल्यमापनाची. आठवीपर्यंत नापास करायचं नाही, ही तरतूद मुलांच्या भल्यासाठीच होती. सहा-सात वर्षांच्या लेकरावर नापासाचा शिक्का बसू नये, हे मलाही पटतं. पण त्याच्या जोडीला सातत्यानं मूल्यमापन व्हायचं होतं, म्हणजे मूल जिथे अडलं तिथेच शिक्षकाला कळावं आणि हात मिळावा. जोडवर्ग सांभाळणाऱ्या माणसाला त्यासाठी वेळच उरत नाही. मग श्रेणी तेवढी भरली जाते. 2019 मध्ये कायदा बदलला आणि 2023-24 पासून आपल्या राज्यात पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. पण माझी मुलगी पहिलीत कान्यापाशी अडली होती. ते मला पाचवीत कळून काय उपयोग?

हे एकट्या आमच्या गावाचं दुखणं नाही. 'असर' सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या मुलांच्या घरी जाऊन दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचायला देतात. 2024 च्या पाहणीत देशभरातल्या पाचवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना तो वाचता आला नाही.

शेजारणी म्हणतात, "तू पण तिला इंग्रजी शाळेच्या गाडीत बसव." दोन घरांनी बसवलीही. पण पट घसरला की शिक्षकाचं पद जातं, आणि मागे राहतात ती ऊसतोडीला जाणाऱ्यांची, मजुरांची पोरं. त्यांना दुसरी शाळा नाही. म्हणून मी मुलीला काढलं नाही. तक्रार करायची तर आत राहून करायची, असं ठरवलं.

कायद्यानं आम्हाला एक जागा दिलीय. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. मी दोन वर्षं सदस्य होते. रजिस्टर घरी यायचं, मी सही करायचे. पुढच्या बैठकीला मात्र स्वतः गेले आणि म्हटलं, प्रत्येक मुलाला महिन्यातून एकदा न शिकवलेला उतारा वाचायला द्या आणि त्याची नोंद ठेवा. पोरांना सगळ्यांदेखत उभं करू नका, एकेकाला व्हरांड्यात बोलवा. गुरुजी लगेच हो म्हणाले. पहिल्या वेळी तिसरी-चौथीच्या 21 मुलांपैकी 8 जणांना न अडखळता वाचता आलं. आता निदान बाकीच्या 13 जणांची नावं सगळ्यांना माहीत आहेत.

सरकारकडे माझं मागणं मोठं नाही. माहिती भरायला केंद्रात वेगळा माणूस द्या. शिक्षक देताना इयत्ताही मोजा. आणि रोज तांदूळ विचारता, तसं महिन्यातून एकदा वाचन विचारा.

या शनिवारी समितीची बैठक आहे. विषयपत्रिका कालच हातात पडली. पहिला विषय मुलांचं वाचन. माझ्या लेकीनंच ती मला वाचून दाखवली, 'विषयपत्रिका' या शब्दावर दोनदा थांबून.