446 रुपये चौरस फूट

22 फेब्रुवारी 2025 रोजी पुण्यात, बालेवाडीला झालेल्या कार्यक्रमात महाराष्ट्रातल्या 20 लाख कुटुंबांना घरकुलाची मंजुरीपत्रं मिळाली. त्यातल्या 10 लाखांना 15 हजारांचा पहिला हप्ता सुटला. म्हणजे एका दिवसात 1,500 कोटी.

पंतप्रधान आवास योजनेतलं ग्रामीण घर किमान 269 चौरस फुटांचं, स्वयंपाकाच्या जागेसकट. असली 20 लाख घरं भिंतीला भिंत लावून मांडली तर 50 चौरस किलोमीटर जमीन झाकली जाते. प्रत्येक घरामागे रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी धरलेली, एकूण 18 कोटी दिवस. एकट्या माणसाने हे काम अंगावर घेतलं तर पोळ्यालासुद्धा सुट्टी न घेता त्याला 4 लाख 93 हजार वर्षं लागतील.

रेतीचा हिशोब आणखी दांडगा. राज्याच्या धोरणात घरकुलाला 5 ब्रास रेती फुकट आहे. 20 लाख घरांची 1 कोटी ब्रास, म्हणजे 100 कोटी घनफूट. एका टिपरात 3 ब्रास धरली तर 33 लाखांवर खेपा होतात. दर 8 मीटरला एक टिपर उभा केला तर रांग साडेसव्वीस हजार किलोमीटरांच्याही पुढे जाते, विषुववृत्ताच्या दोन तृतीयांश. एवढी रेती द्यायला नद्यांच्या पोटात आहे का, हे धोरण लिहिताना पैनगंगेला कोणी विचारलं नसावं.

आता हे सगळं वाशीम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यातल्या रिठदला एका मंजूर घरापाशी आणू. मूळ अनुदान 1 लाख 20 हजार. भागिले 269. चौरस फुटाला 446 रुपये. रोजगार हमीचे 2025-26 च्या 312 रुपये रोजाने 28,080, शौचालयाचे 12 हजार आणि 2025 साली राज्याने वाढवलेले 50 हजार धरले की बेरीज 2 लाख 10 हजारांवर जाते आणि दर 781 वर. हा दर सांगितला तर मिस्त्री आधी हसेल, मग पत्र्याचं बोला म्हणेल. सोयाबीनच्या जिल्ह्यात सोयाबीननेच मोजायचं तर 2025-26 च्या 5,328 रुपये क्विंटल हमीभावाने मूळ अनुदान म्हणजे साडेबावीस क्विंटल. हमीभाव मिळाला तर.

पैसेही एकदम मिळत नाहीत. जोता झाला, फोटो. भिंती चढल्या, फोटो. छत झालं, पुन्हा फोटो. मोबाईलमधल्या ॲपवर जागेच्या अक्षांश-रेखांशासकट फोटो चढल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. तोवर सिमेंटवाल्याची उधारी चालू.

घरासाठी सरकार आणखी एका वाटेने पैसा सोडतं, त्याला अनुदान कोणी म्हणत नाही. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जावरचं वर्षाला 2 लाखांपर्यंतचं व्याज उत्पन्नातून वजा होतं. 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या नोकरदाराचा उपकरासकट वाचलेला कर वर्षाला 62,400 रुपये. दोन वर्षं भरायच्या आत रिठदच्या घरकुलाचं मूळ अनुदान वसूल. कर्ज मोठं असेल तर 10 वर्षांत 6 लाख 24 हजार, म्हणजे पाच घरकुलांची मूळ अनुदानं आणि वर 24 हजार. आणि 269 चौरस फुटांची अट नाही. फोटो नाही. बँकेचं व्याजाचं एक प्रमाणपत्र पुरतं.

कर माफ करून गरिबांची घरं बांधता येतच नाहीत असं नाही. अमेरिकेने 1986 च्या कर कायद्यात तशी तरतूद केली. बांधणाऱ्याला 10 वर्षांची करसवलत मिळते, तो ती गुंतवणूकदारांना देऊन भांडवल उभं करतो आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षं भाडं कमी उत्पन्नवाल्यांना झेपेल एवढंच ठेवतो. त्यातून 30 लाखांहून जास्त घरं उभी राहिली. आपल्याकडेही 2016 नंतर परवडणारी घरं बांधणाऱ्या बिल्डरांचा नफा करमुक्त करून पाहिला. पण रिठदला बिल्डर कुठला यायला! इथे बांधणारा, राहणारा आणि पाणी मारणारा एकच.

आणि हे सगळं ज्याच्या नावावर जागा आहे त्याचं. जागा नसलेल्याला 500 चौरस फुटांपर्यंतची जागा घ्यायला राज्याची वेगळी योजना आहे. तिथली मदत आधी 50 हजार होती, नंतर ती 1 लाख झाली. चौरस फुटाला 200 रुपये. त्या भावात गावठाणाला लागून कोण जागा विकतंय ते शोधायचं काम लाभार्थ्याचं.