नाथसागराच्या काठाने एक फेरी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आपल्या जालना जिल्ह्याला समुद्र नाही. अंबड, घनसावंगी, परतूरच्या दक्षिण शिवेवरून गोदावरी जाते, मोठ्या पाण्याचा काठ म्हणायचा तर तेवढाच. पण अंबड-पाचोडवरून पैठण गाठले आणि धरणाच्या वरच्या अंगाला गेलो की समोर जे पाणी पसरते, त्याला दुसरा शब्द सुचत नाही. पलीकडचा काठ दिसत नाही, वारा सुटला की लाटा येऊन काठावर आपटतात. लोकांनी त्याला नाथसागर म्हटले ते उगीच नाही. जालन्याच्या नळाला येणारे पाणी इथलेच आणि आपल्या शिवारात येणारा डावा कालवाही इथूनच निघतो. ज्याचे पाणी आपण रोज पितो त्याच्या काठाने एकदा पायी चालावे, एवढ्या साध्या इच्छेने मी काही वर्षांपूर्वी तिथे जाऊ लागलो. ही फेरी कशी आखावी, ते आज सांगायचे आहे.

आधी एक गमतीची गोष्ट. जायकवाडी हे गाव पैठणजवळ नाही, ते बीड जिल्ह्यात आहे. धरणाचा पहिला विचार तिथला होता. पुढे जागा बदलून पैठण ठरली, नाव मात्र तेच राहिले. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि 1976 साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. दहा किलोमीटरहून लांब भिंत, सत्तावीस दरवाजे. 1986 साली या जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे 341 चौरस किलोमीटर, छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांत पसरलेले.

म्हणजे नाथसागराला पूर्ण प्रदक्षिणा घालण्याचा विचार कुणी मनात आणू नये. आपण आखायची ती पाच-सहा किलोमीटरची फेरी. काठच्या एखाद्या गावातून निघावे, पाण्याच्या कडेने चालावे आणि शेतामधल्या गाडीवाटेने त्याच गावात परत यावे. जमीन इतकी सपाट की वयस्कर माणसालाही दम लागू नये. पैठणपासून जवळच्या पिंपळवाडी, सोनेवाडीच्या बाजूला पक्षी पाहणारी मंडळी नेहमी जातात, नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

वाट सोपी असली तरी काठ नेमका कुठे आहे, ते मात्र सोपे नाही. नकाशात पाण्याची जी निळी कड दिसते ती धरण भरलेले असतानाची. पूर्ण पातळी 1522 फूट. वर्तमानपत्रात रोज जायकवाडीचा आकडा येतो, इतके टक्के, इतके फूट. पिण्याला पाणी पुरेल का, कालव्याला आवर्तन सुटेल का, यासाठी आपण तो वाचतो. चालणाऱ्याने तो वाटेसाठीही वाचावा. समुद्राला दिवसातून दोनदा भरती-ओहोटी, नाथसागराला वर्षातून एकदा. भाद्रपद-आश्विनात तो भरतो आणि मग जूनपर्यंत मागे हटत राहतो. जमिनीला उतार इतका कमी की पाणी थोडेसे उतरले तरी काठ बराच लांब जातो. 2012-13च्या दुष्काळात साठा मृतसाठ्याच्या खाली गेला, तेव्हा तर वर्षानुवर्षे न दिसलेली जमीन उघडी पडली होती.

हे मला कुणी सांगितले नव्हते. पहिल्या वर्षी डिसेंबरात मी एक वाट पाहून ठेवली होती. बाभळींच्या रांगेपासून पाण्यापर्यंत आणि पाण्याच्या कडेने एका ओढ्यापर्यंत. वहीत रेखाटनही केले होते. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत कॉलेजची सात-आठ मुले बरोबर घेऊन मोठ्या ऐटीत तिथे गेलो. बाभळी होत्या, पाणी नव्हते. पाणी लांब, डोळे बारीक करून पाहावे इतके लांब. मधल्या मोकळ्या जमिनीवर वाळलेला, भेगाळलेला गाळ. वरून पापडासारखा कडक. एक पोरगा पाखरांचा फोटो काढायला पुढे धावला आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. त्याला ओढून काढले, पण एक बूट नाथसागराला अर्पण झाला. मग शहाणपणा करून मी सगळ्यांना हिरव्या, घट्ट दिसणाऱ्या जमिनीवरून वळवले. वीस पावले गेलो असू, तोच मागून हाक आली.

"ओ गुरुजी, खाली बघा की! हरभरा हाय तो. पाखरं काय कमी होती, का तुम्ही आलात?"

सत्तरीचे बाबा होते, हातात पत्र्याचा डबा आणि काठी. पाखरे उठवायला पहाटेपासून बसले होते. मी माफी मागितली. मुलांना बांधावर उभे केले. बाबांचा राग लवकर उतरला, कारण बोलायला माणसे हवीच होती. त्या सकाळी मला गाळपेर हा शब्द नीट कळला. पाणी मागे हटले की उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीवर जे पीक घेतात ते गाळपेर. जमीन जलसंपदा विभागाची. ती भाड्याने मिळते, त्यात प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य. 2018-19च्या दुष्काळात चारापिकांसाठी शासनाने अशा जमिनी नाममात्र भाड्याने दिल्या होत्या. बाबांनी हाताने दाखवले, "ते तिथं आमचं जुनं घर. विहीर पण तिथंच." मला फक्त पाणी दिसत होते. वडिलांची जमीन धरणात गेली. आता तिच्याच वरच्या अंगाचा तुकडा ते सरकारकडून भाड्याने घेतात आणि पाणी लवकर परत आले तर तेही पीक जाते. त्यात हिमालयापलीकडून येणारे पट्टकदंब कोवळ्या हरभऱ्यावर ताव मारतात. आम्ही ज्यांच्यासाठी ऐंशी किलोमीटर आलो होतो, त्यांनाच बाबा डबा वाजवून हाकलत होते. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि बाबांची जागा माझ्यापेक्षा जास्त बरोबर होती.

तेव्हापासून मी वाट घरी बसून ठरवत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी गावात जातो, पारावर बसतो आणि तीन प्रश्न विचारतो. पाणी कुठपर्यंत आहे? पेरा कुठे आहे? ओला गाळ कुठे आहे? मिळालेल्या उत्तरांतून वाट आपोआप निघते. ती बहुधा पेरलेल्या तुकड्यांच्या बांधांवरून, जनावरांच्या पायवाटेवरून जाते. जिथून म्हैस जाते तिथून आपणही जावे, आणि जिथे मेंढराच्या खुराचाही ठसा नाही ती जमीन टाळावी.

आता परवानगीचे. इथे जमीन एका खात्याची आणि पाखरे दुसऱ्या खात्याच्या राखणीत, असा मामला आहे. अभयारण्य म्हटले की 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात मोकाट शिरता येत नाही, पक्षी पाहायला, फोटो काढायलाही परवानगी लागते. ती वनविभागाच्या वन्यजीव शाखेकडून घ्यावी. लेखी अर्ज आधी द्यावा, किती माणसे, कोणता दिवस, कोणते गाव ते स्पष्ट लिहावे. धरणाच्या भिंतीवर सुरक्षेमुळे बंदी असते. तिथल्या पहारेकऱ्याशी हुज्जत घालणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत, आणि मला त्यांची लाज वाटली आहे. पाण्यातल्या उंचवट्यांवर आणि बेटांवर तर मुळीच जाऊ नये. उन्हाळ्यात नदी सुरय आणि आर्ली उघड्या जमिनीवर अंडी घालतात. घरटे असे नसतेच, दगडगोट्यांच्या रंगाची अंडी नुसती पडलेली असतात. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत, आणि आई उठून गेली की भर उन्हात तेवढ्यातच ती भाजून निघतात.

वेळेचे गणित सोपे आहे. धरण जलाशयाच्या पूर्व टोकाला आहे, म्हणून पैठणच्या अंगाला उभे राहिले की पाणी पश्चिमेकडे पसरते. सकाळी ऊन पाठीशी आणि पाखरे उजेडात. मी फजरची नमाज गावातच पढून निघतो आणि तांबडे फुटताना बांधावर असतो. जाताना पाण्याच्या कडेने, ऊन चढल्यावर शेतातून परत. संध्याकाळी याच काठावरून गेलात तर डोळ्यांत ऊन आणि समोर नुसत्या काळ्या सावल्या. पाच किलोमीटरला तीन तास धरावेत, कारण पाखरे पाहणारा माणूस चालतो कमी आणि थांबतो जास्त. काठाला सावली नाही. पिण्याचे पाणी जवळ हवे. अवकाळी पाऊस झाला असेल तर दोन दिवस जाऊच नये, काळी माती बुटाला धरते आणि पाय उचलत नाही.

महिना कोणता? धरण तुडुंब असताना काठाशी पाखरे कमी दिसतात, त्यांना उथळ पाणी आणि चिखल हवा. डिसेंबरपासून रंगत येते. रोहित, म्हणजे ज्याला बहुतेक जण फ्लेमिंगो म्हणतात, तो चिखल उघडा पडल्यावर येतो. लांबून गुलाबी पट्टा दिसतो, जवळ जायची गरज नाही. काळे, कपाळावर पांढरे गंध लावलेले वारकरी हजारोंनी असतात. एकनाथांच्या गावी या पाखराला हेच नाव शोभते. शेकाट्या, थापट्या, हळदी-कुंकू बदक, चित्रबलाक, नशीब असेल तर आकाशात रांगेने जाणारे कांड्या करकोचे. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ घरी असेल तर आदल्या रात्री चाळावा.

आणि चक्रवाक. आम्हा कवींनी या जोडीवर फार अन्याय केला. रात्र झाली की दोघांची ताटातूट, नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना हाका, असे शेकडो वर्षे लिहीत आलो. प्रत्यक्षात तो रात्रीही चरतो आणि सकाळी पाहावे तर केशरी रंगाची जोडी शेजारी शेजारी उभी. मीही एका कवितेत ती ताटातूट वापरली होती. ती कविता आता मी वाचून दाखवत नाही.

किती जवळ जावे, हे पाखरेच सांगतात. चरणाऱ्या थव्याने माना वर काढल्या की थांबावे. सगळ्यांनी एका दिशेला तोंडे केली की दोन पावले मागे यावे. तरी पुढे गेलात तर थवा उठेल आणि तो बहुधा शेजारच्या हरभऱ्यावर जाऊन बसेल. बाबांचा डबा पुन्हा सुरू.

ज्यांना पैठणला जाणे जमत नाही त्यांनी जालन्यातच मोती तलावावर किंवा घाणेवाडीला हिवाळ्यातल्या दोन-चार सकाळी घालवाव्यात. पाखरांची ओळख तिथेही होते, आणि ओळख झाली की नाथसागरावर पुस्तकात डोके घालून बसावे लागत नाही. दुर्बीण एकच असली तरी चालते, हातोहात फिरते. दोन जास्तीचे बूट मात्र गाडीत ठेवावेत. आणि गावातून परत निघताना पारावर चहा घेऊन, पाणी आठवड्याला किती हटते ते विचारून वहीत लिहून ठेवावे. पुढच्या खेपेला ते लागते.